होडीवरचा नंबर, कार्डावरचा नंबर

आमच्या किनाऱ्यावर नंबर लपवायची पद्धत नाही. रेवदंडा घ्या, मुरूड घ्या किंवा श्रीवर्धनकडचं भरडखोल घ्या, बंदरात उभ्या असलेल्या प्रत्येक मच्छीमार बोटीवर तिचा नोंदणी नंबर ठळक रंगवलेला असतो. लांबून वाचता यावा एवढा मोठा. सागरी पोलिसांना दिसावा, तटरक्षक दलाला दिसावा, मत्स्य खात्याला दिसावा म्हणूनच तो असतो. गावातली पोरंसुद्धा नंबरावरून बोट कुणाची ते सांगतात. आणि तरीही नंबर माहीत आहे म्हणून कुणी बोट घेऊन जात नाही. बोटीचे कागद नाखवाच्या घरी असतात, इंजिन चालू करणारा माणूस ओळखीचा असतो. नंबराचं काम एवढंच, की ही बोट कुणाची ते सांगायचं.

म्हणजे तो नंबर नावासारखा आहे. नाव सगळ्यांना माहीत असायला हरकत नसते. किल्ली मात्र आपल्याजवळ ठेवायची असते.

आपल्या खिशातल्या कार्डांचा घोळ इथेच झालाय. आधार, आयुष्मान, आभा, रेशनकार्ड यांच्यावरचे नंबर आहेत नावासारखे, पण जो तो ते किल्लीसारखे मागतो. आणि जी गोष्ट दिवसातून चार वेळा चार जणांना द्यावी लागते, ती किल्ली म्हणून कशी टिकणार?

या किनाऱ्यावर ओळखपत्रांचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातूनच आले. त्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं देण्याची मोहीम देशभर निघाली. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ शस्त्रं असलेली एक बेवारस बोट वाहत आली, तेव्हा पुन्हा सगळ्यांची कार्डं तपासली गेली. आमच्याकडे घरटी एक प्लास्टिकची पिशवी असते. गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या खाली. तिच्यात आधार, रेशनकार्ड, मच्छीमाराचं कार्ड, ई-श्रम कार्ड आणि आयुष्मान कार्ड. पूर आला, आग लागली तर आधी काय उचलायचं हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

त्यातलं आरोग्याचं कार्ड आमच्याकडे तसं लवकर आलं. २०१२ मध्ये राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि दोन्ही एकमेकींना जोडल्या गेल्या. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, मग उत्पन्न काहीही असो, वेगळं कार्ड मिळायला लागलं. ज्या घरात एका वाईट हंगामाने सोनं गहाण पडतं, त्या घरात पाच लाख म्हणजे काय हे मी वेगळं लिहायला नको.

हे कार्ड निघतं कसं तेही पाहा. गावात शिबिर लागतं. ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो: ‘ज्यांचं कार्ड काढायचं आहे त्यांनी आधार आणि रेशनकार्डचा फोटो पाठवा.’ दहा मिनिटांत ग्रुपवर चाळीस घरांची आधार कार्डं पडतात. नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो, बारा आकडे. ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसं. त्यांतली निम्मी कोण आहेत ते ॲडमिनलाही सांगता येणार नाही. मग झेरॉक्सवाला. त्याच्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर गावाची सगळी ओळख ‘स्कॅन ००१’, ‘स्कॅन ००२’ अशी मांडून ठेवलेली. कुणाचा हेतू वाईट नसतो. शिबिरातली पोरं उन्हात बसून काम करतात, झेरॉक्सवाला म्हाताऱ्यांकडून कधीकधी पैसेही घेत नाही. पण समुद्रावर राहणाऱ्याला हे सांगायला नको, की बोट बुडवायला फळीतली एक फट पुरते, सुताराचा हेतू वाईट असावा लागत नाही.

आता प्रश्न येतो: नुसता नंबर मिळून कुणी काय करणार?

हा प्रश्न एका मोठ्या अधिकाऱ्याने जाहीरपणे विचारला होता. जुलै २०१८ मध्ये आर. एस. शर्मा तेव्हा ट्रायचे अध्यक्ष होते, त्याआधी आधार प्राधिकरणाचे पहिले महासंचालक. त्यांनी स्वतःचा आधार नंबर ट्विटरवर टाकला आणि आव्हान दिलं, की आता माझं नुकसान करून दाखवा. काही तासांत लोकांनी त्यांचा मोबाइल नंबर, पत्ता, जन्मतारीख बाहेर काढली. काहींनी त्यांच्या खात्यात एक रुपया भरून दाखवला. प्राधिकरणाने सांगितलं, की यातलं काहीच आमच्याकडून गेलेलं नाही, ही माहिती इंटरनेटवर होतीच. तेही खरंच होतं. हेच शर्मा पुढे २०२१ मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचे मुख्य अधिकारी झाले, म्हणजे आयुष्मान कार्ड चालवणाऱ्या संस्थेचे.

मला वाटतं त्या भांडणात दोन्ही बाजू बरोबर होत्या. नुसत्या नंबराने तिजोरी उघडत नाही. आधारचा नंबर मुळात लपावा म्हणून बनवलेलाच नाही. त्याचा बारावा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने ठरतो, म्हणजे लिहिताना चूक झाली तर लगेच कळावी. पण शर्मांना फोन करून कुणी म्हणालं असतं, ‘साहेब, तुमचं कार्ड बंद पडतंय,’ तर ते हसले असते. आमच्या आळीतल्या काकीला फोन येतो तेव्हा पलीकडचा माणूस आधी तिचं पूर्ण नाव घेतो, नवऱ्याचं नाव घेतो, कार्डाचे शेवटचे चार आकडे बरोबर सांगतो. मग म्हणतो, ‘आता आलेला ओटीपी सांगा, नाहीतर पाच लाखांचा लाभ बंद होईल.’ नंबराने तिजोरी उघडली नाही, पण काकीचा विश्वास उघडला. चोराला तेवढंच हवं असतं. हल्ली तर फोनही करत नाहीत, योजनेच्या नावाने एपीके फाइल पाठवतात. ती दाबली की फोनच त्यांच्या ताब्यात.

पैशांची चोरी निदान दिसते. बँकेचा मेसेज येतो, पासबुकात आकडा कमी होतो. आरोग्याच्या ओळखीची चोरी दिसतच नाही. तुमच्या नावावर दुसरा कुणी दाखल झाला तर दोन गोष्टी होतात. तुमच्या कुटुंबाच्या पाच लाखांतून त्याचा खर्च वजा होतो, आणि तुमच्या नावाच्या नोंदीत त्याचा आजार, त्याची औषधं, त्याचा रक्तगट जाऊन बसतो. चोरीला गेलेले पैसे परत मिळू शकतात. चुकीचा रक्तगट वेळेवर कळला नाही तर काय, हे कुणी विचारत नाही.

हे नुसतं भीती घालणं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅगने आयुष्मान योजनेचा लेखापरीक्षण अहवाल संसदेत ठेवला. त्यात सापडलं, की ७,४९,८२० लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाइल नंबर आहे: ९९९९९९९९९९. आणखी १,३९,३०० जणांच्या पुढे ८८८८८८८८८८. आधीच मृत म्हणून नोंदलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे पुन्हा उपचार झाल्याचे दावे होते आणि त्यांपोटी ६.९७ कोटी रुपये दिले गेले होते. सरकारने उत्तर दिलं, की मोबाइल नंबरावरून पात्रता ठरत नाही. ठीक. पण ज्याच्या नावापुढे दहा वेळा नऊ लिहिलंय, त्याच्या कार्डावर कुणी उपचार घेतले तर मेसेज जाणार कुणाला?

दहा वेळा नऊ लिहिणारं बोट मला कल्पनेने दिसतं. समोर रांग आहे, म्हातारीकडे फोन नाही, आणि स्क्रीनवर लाल चौकट: मोबाइल नंबर भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तो माणूस चोर नाही. त्याला जेवायला जायचंय.

खाजगी विम्याचंही फार वेगळं नाही. २०२४ मध्ये स्टार हेल्थ या मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती टेलिग्रामवरच्या चॅटबॉटवर मागेल त्याला मिळत असल्याची बातमी रॉयटर्सने दिली. त्यात पॉलिसीचे कागद होते, ओळखपत्रं होती, तपासण्यांचे अहवाल होते. ३ कोटी १० लाख लोकांची माहिती आपल्याकडे असल्याचा चोराचा दावा होता. कंपनीने सायबर हल्ला झाल्याचं मान्य केलं. त्या ग्राहकांनी कुणालाही ओटीपी सांगितलेला नव्हता.

अमेरिकेतली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९३८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्ट गावच्या एका पाकीट बनवणाऱ्या कंपनीने, कार्ड पाकिटात कसं बसतं ते गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून, प्रत्येक पाकिटात सोशल सिक्युरिटी कार्डाचा नमुना घातला. त्यावर नंबर छापला तो कंपनीच्याच एका सेक्रेटरी बाईंचा, खराखुरा. कार्ड आकाराने अर्धं होतं, वर लाल अक्षरात ‘नमुना’ लिहिलेलं होतं. तरी पाकीट घेणाऱ्यांनी तो नंबर आपला समजून वापरायला सुरुवात केली. १९४३ साली ५,७५५ माणसं तो एकच नंबर लावत होती. सगळी वर्षं मिळून आकडा ४०,००० च्या वर गेला. बाईंना शेवटी नवा नंबर द्यावा लागला.

तरीही त्या देशाने हाच नंबर म्हाताऱ्यांच्या मेडिकेअर कार्डावर कित्येक दशकं छापला. दवाखान्यात दाखवायचं कार्ड, आणि त्यावर बँकेपासून करापर्यंत सगळीकडे चालणारा नंबर. २०१५ मध्ये कायदा झाला, आणि एप्रिल २०१८ पासून जवळपास सहा कोटी लोकांना नवी कार्डं पाठवली गेली. त्यांच्यावर ११ अक्षर-आकड्यांचा नवा नंबर होता, ज्याचा दुसऱ्या कशाशी संबंध नव्हता. म्हाताऱ्यांना ‘पाकीट सांभाळा’ असं सांगत बसण्यापेक्षा सरकारने कार्डच बदललं. उशिरा बदललं, पण बदललं.

आपल्या आयुष्मान कार्डावर आधार नंबर छापलेला नसतो. योजनेचा वेगळा क्रमांक असतो, आभाचा १४ आकडी नंबर वेगळा. म्हणजे हा शहाणपणा कागदावर आपल्याकडेही आहे. पण काउंटरवर गेलं की ‘आधार दाखवा’ हेच पहिलं वाक्य. दुसरा नंबर काढून उपयोग काय, जर पहिला प्रत्येक ठिकाणी लागतोच?

एवढं सगळं वाचून वाटेल, की मग कुलूप घट्ट लावावं. मलाही तसंच वाटायचं. काकांच्या वेळी कुलुपाची दुसरी बाजू पाहिली.

आमच्या शेजारच्या काकांना छातीत कळ आली. पनवेलकडच्या एका हॉस्पिटलात नेलं. अँजिओप्लास्टी लागणार होती. कार्ड पिशवीत होतं. आरोग्यमित्र मुलगी भली होती, लगेच फॉर्म उघडला. आधारची खात्री करायची तर काकांचा अंगठा लागेना. पन्नास वर्षं जाळी आणि दोरखंड ओढलेला तो हात. बोटांवर रेषाच राहिलेल्या नाहीत. पुसून लावला, क्रीम लावून लावला, दहाही बोटं झाली. मग ओटीपी. तो गेला एका जुन्या नंबरावर. काकांचं ते सिम दोन वर्षांपूर्वी रिचार्ज न केल्याने बंद पडलं होतं. बंद पडलेला नंबर कंपन्या ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकतात, आणि दिलाही होता.

मी त्या नंबरावर फोन केला. पलीकडे एक तरुण मुलगा होता, विदर्भातला असावा. सगळं सांगितलं. म्हटलं, ‘दादा, आत्ता तुझ्या फोनवर सहा आकडे आलेत, तेवढे सांग. माणूस आत पडलाय.’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘ताई, सगळे हेच सांगतात. माफ करा.’ आणि फोन ठेवला.

काकी चिडली. ‘काय माणूस हाय! सहा आकडं द्यायला काय जातं त्याचं?’ मला मात्र त्याचा राग आला नाही. मीच गावभर सांगत फिरते, की ओटीपी कुणाला देऊ नका. त्या मुलाने तेच केलं. तो बरोबर होता, आणि तो बरोबर होता म्हणून आम्ही अडकलो होतो. शेवटी आरोग्यमित्राने चेहऱ्यावरून ओळख पटवायचा पर्याय काढला. वॉर्डात उजेड कमी. काकांची खाट खिडकीशी नेली, तिसऱ्या खेपेला स्क्रीन हिरवी झाली. डॉक्टरांनी उपचार थांबवले नव्हते, पण मंजुरी येईपर्यंतचे ते दोन तास काकी पदराच्या गाठीतल्या मंगळसूत्रावर हात ठेवून बसली होती. गहाण टाकायची तयारी ठेवून.

तेव्हापासून ‘नंबर जपा’ हे वाक्य मी अर्धं समजते. उरलेलं अर्धं असं, की आपली किल्ली आपल्याला लागली पाहिजे. आधारला जोडलेला मोबाइल नंबर आज चालू आहे का, हे आधी बघायचं. बंद असेल तर आधार केंद्रावर जाऊन बदलायचा, आणि तेही घरात कुणी आजारी नसताना. आळीतल्या बारा घरांत आम्ही हे तपासलं. पाच घरांत नंबर मेलेला होता.

बाकीचं तुमच्या फोनवर पाच-दहा मिनिटांत होतं, म्हणून सांगते. फक्त ओळख दाखवायची असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. नंबरच भरायचा असेल तर बरेच ठिकाणी १६ आकडी व्हीआयडी चालतो, आणि तो पाहिजे तेव्हा नवा काढता येतो. एमआधार ॲपमधून बोटांचे ठसे लॉक करता येतात. पण घरच्या म्हाताऱ्यांना रेशन अंगठ्यावर मिळत असेल तर त्यांचे लॉक करण्याआधी विचार करा. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, तारीख. ग्रुपवर कुणी कार्ड टाकलं तर त्याला खाजगीत सांगून काढायला लावा, चारचौघांत हसू नका. संचार साथीवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. आणि फसवणूक झालीच तर पहिल्या तासात १९३० ला फोन करा. योजनेच्या कार्डाची तक्रार १४५५५ वर.

हे सगळं करा. पण हा सगळा भार आपल्याच डोक्यावर का, हेही विचारा. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या. दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं, गैरसमज होऊ शकतो म्हणून. झेरॉक्स मागणारे आपल्याकडे इतके आहेत, की ‘देऊ नका’ म्हटल्यावर देशच थांबेल अशी भीती वाटली असावी. आधार कायदा सांगतो, की घेतलेला आधार नंबर जाहीरपणे मांडायचा नाही. तरी २०१७ मध्ये केंद्र आणि राज्यांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावं आधारसकट दिसत होती. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. त्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे. तो दंड कधी कुणाला होतो ते पाहायचं. तोपर्यंत तरी शिबिर भरवणाऱ्याला आपण विचारू शकतो: फोटो ग्रुपवर कशाला? आम्ही येऊन दाखवतो. काम झाल्यावर स्कॅन पुसणार का? आमच्या ग्रामपंचायतीला हे विचारलं तेव्हा ते रागावले नाहीत. पुढच्या शिबिराला ग्रुपवर फक्त वेळ आणि जागा आली.

काका आता बरे आहेत, समुद्रावर जात नाहीत, जाळी विणतात. त्यांचा नवा नंबर जोडून झाल्यावर काकीने तिचंही आधार उघडायला लावलं. त्यात गेल्या सहा महिन्यांत आपला आधार कधी कधी तपासला गेला याची यादी निघते. मी एकेक तारीख वाचत गेले. ती ओट्यावर सोडे निवडत सांगत होती: ‘ह्ये रेशन. ह्ये बी रेशन. ह्ये बँकेत गेलेलू तवा.’ एका तारखेला ती थांबली. सोडे खाली ठेवले, बोटांवर दिवस मोजले, सुनेला हाक मारून विचारलं. गॅसवाल्याचं केवायसी होतं ते.

‘बरं,’ म्हणाली. ‘आता पुढची वाच.’